समुपदेशक आल्या, आठ महिने झाले, तरी वर्ग तसाच का?

मॅडम, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा आहे: शाळेत समुपदेशक येऊन आठ महिने झाले, आठवड्यातून तीन दिवस येतात, मुलांना त्या आवडतात, पण सहावी-सातवीतली शिस्त होती तशीच आहे, भांडणं उलट वाढल्यासारखी वाटतात, काही मुलं तर तास बुडवायलाच "मला बाईंशी बोलायचंय" म्हणून उठून जातात, आणि आता मुख्याध्यापक विचारतायत की याचा उपयोग काय, पुढच्या वर्षी ठेवायचं का. तुम्हाला जाणून घ्यायचंय की मानसिक आरोग्याच्या कामाने मुलांच्या वागण्यात खरंच फरक पडतो का.

मी गेली १७ वर्षं शाळांमध्ये हेच काम करतेय, त्यामुळे आधी उत्तर देते आणि मग कारणं सांगते. फरक पडतो. पण बहुतेक शाळा हे काम जसं चालवतात, म्हणजे एक खोली, एक बाई, आणि "हा ऐकत नाही, जरा समजवा याला", तसं चालवलं तर वर्गातल्या वागण्यात फार थोडा फरक पडतो. मुलाला बरं वाटतं, रात्री झोप लागते, कुणाशी तरी बोलता येतं, आणि हे काही कमी नाही. पण त्या खोलीत जे घडतं ते वर्गाच्या दारातून आत येतंच असं नाही, आणि मला वाटतं तुमचा खरा प्रश्न हाच आहे.

हे मी एका मुलाकडून शिकले, आणि शिकायला मला चार महिने लागले. सातवीतला मुलगा. तक्रार अशी की मध्येच उठून शेजारच्याच्या वहीवर फटका मारतो, पेन फेकतो, बाईंना उलट बोलतो. माझ्याकडे आला की एकदम शांत. आम्ही चित्रं काढायचो, राग यायला लागला की अंगात कुठे कळतं ते तो बोट ठेवून दाखवायचा, श्वास मोजायला शिकला, घरातलंही बरंच बोलला. मला वाटत होतं छान चाललंय. वर्गात मात्र काडीचा फरक नाही. मग एक दिवस मी त्याच्या वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसले. भाषेचा तास होता. बाईंनी धडा काढायला सांगितला आणि एकेकाने उभं राहून एक एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा असं सुरू झालं. याची पाळी चौथी. पहिला मुलगा वाचत होता तेव्हा हा बोटाने पुढचे परिच्छेद मोजत होता, आपल्या वाट्याला कुठला येणार ते बघायला. दुसरी मुलगी उभी राहिली तेव्हा याचे ओठ हलायला लागले, आपला परिच्छेद मनात वाचून बघत होता, एका जोडाक्षरावर अडकला, मागे आला, परत तिथेच अडकला. तिसऱ्याने वाचायला सुरुवात केली आणि याने शेजारच्याचा कंपास ढकलून खाली पाडला. खणकन आवाज झाला, वर्ग हसला, बाई म्हणाल्या बाहेर जा. तो उठला, आणि दाराकडे जाताना त्याचे खांदे जे सैल पडले ते मला आजही दिसतात. सुटला होता तो.

आणि मी त्याला माझ्याकडे कधी बोलवत होते माहितीये? आठवड्यातले दोन तास, दोन्ही भाषेचे. गणित बुडायला नको, विज्ञान बुडायला नको, असं करत करत टाइमटेबलमध्ये तेच उरले होते. म्हणजे ज्या गोष्टीची त्याला भीती होती त्यातून मी त्याची आठवड्यातून दोनदा सुटका करत होते, आणि उरलेल्या दिवशी तो स्वतःची सुटका स्वतः करून घेत होता. हे मला त्या दिवशी कळलं आणि फार वाईट वाटलं, कारण चार महिने हा मुलगा मला सगळं सांगत होता, फक्त वाचता येत नाही हे सांगत नव्हता, आणि मी ते विचारलंच नव्हतं.

मग आम्ही काय केलं तर माझी वेळ पहिल्या तासाच्या आधी घेतली. भाषेच्या बाईंशी बोलले, त्यांनी मनापासून साथ दिली, उद्या तुला कुठल्या दोन ओळी वाचायच्यात हे त्या त्याला आदल्या दिवशी हळूच सांगायच्या आणि पाळीने वाचायला लावणं त्यांनी त्या वर्गापुरतं बंदच केलं. वाचनाची तपासणी करून घेतली, डिस्लेक्सिया निघाला, म्हणजे हुशारी असूनही अक्षरं-शब्द वाचणं अवघड जातं ती अडचण, त्याचं वेगळं शिकवणं सुरू झालं. पहिले दोन आठवडे वागणं जास्तच बिघडलं. त्यानंतर मात्र हळूहळू उतरत गेलं आणि वर्ष संपेपर्यंत तो वर्गाबाहेर दिसणं जवळजवळ थांबलं. आणि गंमत नाही, खरंच सांगते, तो जो श्वास मोजायला शिकला होता तो आत्ता उपयोगी पडला, कारण आता भीती श्वासाने आवरेल एवढी लहान झाली होती. आधी ती फार मोठी होती.

म्हणून तुमच्या त्या "तास बुडवायला जाणाऱ्या" मुलांबद्दल माझी पहिली विनंती ही की त्यांना ढोंगी समजू नका, आणि समुपदेशक बाईंना दोषही देऊ नका. कोण कुठल्या तासातून उठून जातं एवढंच दोन आठवडे लिहून ठेवा. आमच्या कामात एक साधा नियम आहे, त्रासदायक वागणं बहुतेक वेळा मुलाला काहीतरी मिळवून देतं किंवा कशातून तरी सोडवतं. लक्ष मिळतं, मित्रांत भाव मिळतो, नाहीतर नको असलेली गोष्ट टळते. त्यामुळे वागण्याच्या आधी काय झालं, मुलाने काय केलं आणि लगेच नंतर काय झालं या तीन गोष्टी जोडून लिहिल्या की दहा-बारा नोंदींत चित्र दिसायला लागतं. नंतर काय झालं हा रकाना शिक्षक नेहमी मोकळा सोडतात आणि नेमकं उत्तर बऱ्याचदा तिथेच असतं.

आता संशोधन काय म्हणतं ते, कारण मुख्याध्यापकांना ते लागेल. लॉस एंजेलिसमध्ये हिंसा पाहिलेल्या सहावीच्या मुलांसोबत १० सत्रांचा एक गट-कार्यक्रम केला होता, त्याचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. मुलांचे आघाताचे त्रास कमी झाले, उदासी कमी झाली, पालकांनाही घरी फरक जाणवला. पण शिक्षकांना विचारलं तर वर्गातल्या वागण्यात म्हणण्यासारखा फरक त्यांना दिसला नव्हता. हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो सातवीतला मुलगाच आठवला. म्हणजे तुमच्या शाळेत जे दिसतंय ते जगावेगळं नाही, काम खोटं आहे असाही त्याचा अर्थ नाही. ते काम मुलाच्या आतल्या त्रासापर्यंत पोचलंय, वर्गापर्यंत अजून पोचलेलं नाही.

दुसरं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७० हून जास्त सरकारी हायस्कुलांमध्ये सेहर नावाचा कार्यक्रम झाला. काही शाळांत त्यासाठी खास प्रशिक्षण दिलेली एक व्यक्ती नेमली, ती मानसोपचारतज्ज्ञ वगैरे नव्हती, साधी प्रशिक्षित कार्यकर्ती. काही शाळांत तेच काम तिथल्याच शिक्षकांना दिलं, आणि काही शाळांत नेहमीचं चालू ठेवलं. कामात एकेकट्या मुलाशी बोलणं होतंच, पण त्याहून जास्त भर पूर्ण शाळेवर होता, सगळ्या मुलांसमोर विषय काढणं, प्रश्नांची पेटी, भित्तिपत्रक, दादागिरीबद्दल शाळेचं धोरण, मुलांचे गट. २०१८ साली पहिले निकाल आले. नेमलेल्या व्यक्तीच्या शाळांत वातावरण सुधारलं, उदासी कमी झाली, दादागिरी आणि मारामारी कमी झाली. शिक्षकांवर सोपवलेल्या शाळांत फरक दिसला नाही. आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, पहिली मोजणी ८ महिन्यांनी झाली होती आणि पुढची १७ महिन्यांनी, तेव्हा फरक आधीपेक्षा मोठा होता. तुमचे आत्ता आठच महिने झालेत.

यावरून शिक्षकांना हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. अमेरिकेत २०११ साली २१३ कार्यक्रमांचा एकत्र अभ्यास झाला, २ लाख ७० हजारांवर मुलं, भावना ओळखणं, भांडण सोडवणं, मित्र जोडणं हे शाळेतच शिकवण्याचे कार्यक्रम, आणि त्यात शिक्षकांनी स्वतः घेतलेल्या कार्यक्रमांचाही चांगला परिणाम दिसला, वागणूक सुधारली आणि अभ्यासातही सरासरी ११ पर्सेंटाइल इतका फायदा झाला, म्हणजे शंभर मुलांत मधोमध असलेलं मूल साधारण ११ जागा पुढे गेलं असं समजा. मला माझ्या अनुभवातून जे दिसतं ते असं की शिक्षकाच्या हातात नीट बांधलेली, त्याच्या तासात बसणारी गोष्ट दिली तर तो ती उत्तम करतो, पण परीक्षेचे पेपर, पोर्शन, रजिस्टरं यांच्या वरती "आता समुपदेशनही करा" असं टाकलं तर होत नाही, आणि मुलंही ज्याच्या हातात आपले मार्क आहेत त्याच्याकडे मन मोकळं करायला कचरतात. दोन्ही बाजू बरोबर आहेत.

वर्गातच करायच्या कामाचं माझं आवडतं उदाहरण फार जुनं आहे. १९६९ साली कॅन्ससमधल्या एका चौथीच्या वर्गात एक खेळ करून पाहिला, वर्गाचे दोन गट, नियम आधी ठरवलेले, ठराविक वेळात ज्या गटाकडून नियम कमी मोडले जातील तो जिंकतो, दोन्ही गटांनी पाळले तर दोन्ही जिंकतात. बस, एवढंच. पुढे १९८० च्या दशकात बाल्टिमोरमध्ये पहिलीच्या मुलांसोबत तो मोठ्या प्रमाणावर केला आणि ती मुलं १९ ते २१ वर्षांची झाल्यावर परत तपासली, तेव्हा जे मुलगे पहिलीत सर्वात आक्रमक होते त्यांच्यात नशेचे आणि गंभीर गैरवर्तनाचे प्रश्न कमी सापडले. पहिलीच्या वर्गातल्या बाईंनी रोज थोडा वेळ जे केलं त्याचा परिणाम इतकी वर्षं टिकला, मला हे आजही भारावून टाकतं.

पण सगळंच चालतं असंही नाही. ब्रिटनमध्ये ८ हजारांहून जास्त मुलांना शाळेत माइंडफुलनेस, म्हणजे श्वासावर आणि आत्ताच्या क्षणावर लक्ष ठेवण्याचा ध्यानासारखा सराव, शिकवण्याचा मोठा प्रयोग झाला, २०२२ मध्ये निकाल आले, मुलांच्या मानसिक आरोग्यात नेहमीच्या शाळांपेक्षा फरक नाही. बऱ्याच मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. म्हणून "सगळ्या वर्गांना एक ध्यानाचं सेशन घेऊन टाका" असं कुणी सुचवलं तर मी थांबा म्हणेन.

आता भांडणं वाढल्याबद्दल. इथे मला तुमची शाळा न बघता ठामपणे सांगता येणार नाही, दोन-तीन शक्यता आहेत. एक, जे वागणं इतके दिवस कामी येत होतं ते अचानक कामी येईनासं झालं की मूल आधी तेच जास्त जोरात करून बघतं, वर त्या मुलाचे पहिले दोन आठवडे सांगितले ते हेच. ही वाढ थोड्या दिवसांची असते, पण नेमकी तेव्हाच शाळा घाबरून सगळं बंद करते आणि मूल शिकतं की जोर लावला की काम होतं. दोन, पूर्वी जी भांडणं कुणी सांगतच नव्हतं ती आता कुणीतरी ऐकून घेतंय म्हणून समोर येतायत, मग आकडा वाढतो आणि मारामारी तेवढीच असते. तीन, खरंच वाढली असतील, आणि मग मधल्या सुट्टीत जिन्यात, स्वच्छतागृहाजवळ, मैदानाच्या कोपऱ्यात मोठं माणूस असतं का हे आधी बघा, त्याला समुपदेशनाची गरज नाही, तिथे उभं राहणाऱ्या शिक्षकाची आहे.

आणि एक वेगळीच गोष्ट, जी शाळांच्या लक्षात येत नाही. माझ्याकडे एक आठवीची मुलगी होती, वर्षभर तोंडातून शब्द नाही, सगळे म्हणायचे किती शहाणी. तिच्या मैत्रिणी तिच्याकडून सगळ्या वह्या लिहून घ्यायच्या आणि तिला वगळायच्या. सहा महिन्यांच्या कामानंतर एके दिवशी वर्गात तिने मोठ्याने सांगितलं, "मी नाही लिहिणार, तुझं तू लिही," आणि तो आवाज ऐकून सरांनी तिला उभं केलं. डायरीत शेरा आला, उर्मट होत चाललीय. तो शेरा घेऊन ती माझ्याकडे आली तेव्हा घाबरलेली होती आणि थोडी आनंदातही होती. तिचं वागणं बिघडलं की सुधारलं? शांत मुलांचं बरं होणं कधीकधी आवाज करतं, आणि आपण फक्त आवाज मोजला तर ते आपल्याला बेशिस्त वाटतं.

म्हणून काय मोजायचं ते आधी ठरवा. किती वेळा चिडला हे सगळ्यात शेवटी बदलतं. त्याआधी बदलतं ते चिडल्यावर शांत व्हायला किती वेळ लागतो, आधी पूर्ण दिवस वाया जायचा, आता एका तासात परत वहीवर येतो. मग गैरहजेरी कमी होते. मग मदत मागायला लागतो. आणि किती मुलांना वर्गाबाहेर काढलं, कुठल्या तासाला काढलं हेही बघा, कारण एकाच वर्गातली तीच मुलं एका तासाला बाहेर आणि दुसऱ्या तासाला आत असतील तर प्रश्न फक्त मुलांचा नाही. हे स्टाफरूममध्ये बोलायला अवघड जातं, मला कल्पना आहे, मी ते नेहमी एकेकट्या शिक्षकाशी बोलते, आणि "तुम्हाला त्या तासाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो" इथून सुरू करते. थकलेल्या शिक्षकाला आधी कुणीतरी ऐकून घ्यावं लागतं.

किती फरक पडेल हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. अमेरिकेतली समुपदेशकांची संघटना एका समुपदेशकामागे २५० मुलं असं प्रमाण सुचवते, तुमच्याकडे त्या आठवड्याचे तीनच दिवस येतात आणि शाळा किती मोठी आहे ते तुम्ही लिहिलं नाही, हजार मुलं असतील तर चमत्काराची अपेक्षा त्यांच्यावर अन्याय आहे. मुलाला दिसत नसेल, ऐकू कमी येत असेल, झोप होत नसेल, एडीएचडी असेल (लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही असा त्रास), घरी मार खात असेल, तर नुसतं बोलून वागणं बदलणार नाही, त्या त्या गोष्टीचा इलाज करावा लागेल. आणि समुपदेशकांकडे पाठवणं ही तुमच्या शाळेत शिक्षा झालीय का ते बघा. "गप्प बस नाहीतर बाईंकडे पाठवीन" हे वाक्य एकदा जरी वर्गात बोललं गेलं तरी ज्याला खरंच जायचंय तो महिनाभर जात नाही. तसंच खोलीत बोललेलं स्टाफरूममध्ये आलं तर काम संपलं. शिक्षकांना मुलाची कहाणी कळायची गरज नसते, आपण काय वेगळं करायचं एवढं कळलं तरी पुरतं.

एका बाबतीत मात्र वाट बघायची नाही, नोंदी-बिंदी काही नाही. मूल स्वतःला इजा करत असेल, मरणाबद्दल बोलत किंवा लिहीत असेल, अचानक आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, तर त्याच दिवशी, त्याच तासाला. एकटं सोडायचं नाही, सरळ विचारायचं, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने डोक्यात विचार घातला जात नाही, ही भीती मनातून काढा. पालकांना लगेच बोलवायचं आणि डॉक्टरांपर्यंत पोचवायचं, आणि धोका घरातूनच असेल तर बालसंरक्षण यंत्रणेला कळवायचं. जगभरात एक तृतीयांश मानसिक आजार वयाच्या १४ व्या वर्षाआधी आणि निम्मे १८ व्या वर्षाआधी सुरू होतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे ते सुरू होताना मूल आपल्यासमोर बाकावर बसलेलं असतं. मुख्याध्यापकांनी "उपयोग काय" विचारलं ना, तर शिस्तीचा विषय काढायच्या आधी त्यांना हे सांगा.

आणि मग पैसे, जागा, नवीन माणूस काही मागू नका. आठवड्यातून अर्धा तास मागा, समुपदेशक बाई, सातवीचे वर्गशिक्षक आणि ज्यांच्या तासाला सर्वात जास्त मुलं उठून जातात ते शिक्षक, तिघांनी बसायचं आणि एकाच मुलाबद्दल बोलायचं, नोंदी समोर ठेवून. बाईंच्या तीन दिवसांपैकी निदान दोन तास त्यांना वर्गात मागच्या बाकावर बसू द्या, आणि मुलांना भेटायच्या वेळा रोज फिरत्या ठेवा म्हणजे एकच विषय बुडणार नाही. अजून एक वर्ष द्या असं मी मुख्याध्यापकांना नक्की सांगेन, पण याच पद्धतीने अजून एक वर्ष नको.

तुम्ही कोण कुठल्या तासातून उठून जातं ते दोन आठवडे लिहून काढलं की मुलांची नावं न देता फक्त विषय, वार आणि वेळ इथे टाका. मी बघेन, आणि मला काय दिसतं ते सांगेन.